वॉल्टरच्या रिव्हॉल्व्हरची तुंबलेली नळी

"माझ्या मुलानं मला मारायचा प्रयत्न केलाय," असं म्हणून डॉ. सुमंत चिटणीसांनी एक लाकडी पेटी मीनाक्षीताईंच्या डायनिंग टेबलावर, थेट पोह्यांच्या डिशशेजारी ठेवली.

शंतनूचा चमचा हवेतच राहिला. पाच दिवस आयटीतली नोकरी आणि शनिवारी मीनाक्षीताईंची ड्रायव्हरकी, अशी त्याची अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधली कारकीर्द. ताईंनी वीस वर्षं एका इन्शुरन्स कंपनीसाठी खोटे क्लेम पकडले होते. आता लायसन्स काढून स्वतःची डिटेक्टिव्हगिरी चालवत होत्या. पण पोह्यांशेजारी रिव्हॉल्व्हर आजवर कुणी वाढलं नव्हतं.

"आधी खाऊन घ्या, काका," ताई म्हणाल्या. "मरायचं हुकलंय ना? मग भूक लागली असेल."

काका हसले नाहीत.

"हे वॉल्टरचं. माझा शेजारी, तीस वर्षांचा. माझी बायको रेखा गेल्यावर रोज संध्याकाळी माझ्या पायरीवर येऊन बसायचा. दरवर्षी आपल्या वाढदिवसाला गोळीबाराच्या रेंजवर जाऊन यातून एक गोळी तो झाडायचा, एक मी. गेल्या वर्षी तोही गेला. हे माझ्या नावावर ठेवलंन. म्हणाला होता, डॉक, वर्षातून एकदा माझ्यासाठी वाजव."

"आणि आज त्याचा वाढदिवस," ताई म्हणाल्या.

"हो. सप्टेंबरात मी हे बंदुका दुरुस्त करणाऱ्या गनस्मिथकडून तपासून घेतलं होतं. सिरियल नंबर पाहून तो म्हणाला, १८९८ च्या आधीचं आहे. काळ्या दारूच्या काळातलं पोलाद, आजची गोळी घातलीत तर चेंबर फुटेल. काळ्या दारूची हलकी गोळी चालेल, तीही दर वेळी सगळं तपासून. नळी स्वच्छ असल्याचं त्यानं लिहून दिलंय. आज सकाळी रेंजवर गोळी भरण्याआधी उघडून उजेडाकडे धरलं, तर नळीतून उजेडच दिसेना."

"आणि तसाच चाप ओढला असता तर?" शंतनूनं विचारलं.

"नळी फाटली असती. बोटं गेली असती, कदाचित डोळेही."

पेटीची किल्ली रेखाकाकूंच्या शिलाई मशीनच्या खणात असायची. ते ठाऊक असलेली माणसं दोन: स्वयंपाकाला येणारी प्रतिमा आणि अटलांटाला राहणारा मुलगा, नील.

"ऑगस्टमध्ये फोनवर भांडलो. घर विका, ती गन फेका आणि माझ्याकडे या, म्हणाला. मी फोन आपटला. त्यानंतर बोलणं नाही. गराजचा कोडही त्याला माहीत आहे." काकांनी पेटी ताईंकडे सरकवली. "संध्याकाळी पोलिसांना फोन करणार आहे मी. त्याआधी मला खात्री हवीय."

ताईंनी रिव्हॉल्व्हर भिंतीकडे रोखून मधल्या बिजागरीवर दुमडून उघडलं. "शंतनू, मोज."

"गोळ्यांची पाच घरं. पाचही रिकामी."

ताईंनी लाकडी काडी नळीत घालून हलकेच ढकलली. बशीत टपकन एक कडक, लालसर खडा पडला. नळीच्या तोंडाशीही लाल डाग होता.

"गंज," शंतनूनं निकाल दिला.

ताईंनी डाग हुंगला, आणि एकापाठोपाठ तीन शिंका दिल्या. मग बशीत थोडं पाणी ओतलं, वर झाकण घातलं आणि म्हणाल्या, "चला, काकांच्या घरी. ही बशी मांडीवर धर. सांडलीस तर पगार कापीन."

"मला पगार कुठे देता?"

"म्हणून तर जप."

काकांच्या गराजमध्ये लॉनमोव्हर होता. रेखाकाकू गेल्यापासून तो सुरूच झाला नव्हता. मूठ मात्र लाल.

"हाही गंजला!" शंतनूनं अंगठ्यानं डाग खरवडला आणि त्याच हातानं डोळे चोळले. दोन मिनिटांत त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "पोलन, फुलांची ॲलर्जी हो, ताई. मला फार त्रास होतो."

"नोव्हेंबरात?" ताई म्हणाल्या. त्यांना कसली तरी मजा वाटत होती.

घरात सहा खुर्च्यांचं टेबल होतं, आणि उशी एकाच खुर्चीची झिजलेली. खुंटीवर रेंजवर कानाला लावायचे जाड मफ, दोन जोड, एकावर धूळ. शेजारी स्टेथोस्कोप. त्याच्या चकतीवरही लाल ठिपका. शंतनूला आता या घराच्या दमटपणाची काळजी वाटू लागली.

भिंतीवर जुना फोटो होता. आठ वर्षांचा नील, पुढ्यात स्टेथोस्कोप आणि कॅल्क्युलेटर, मागे झेंडूची माळ घातलेला लॉनमोव्हर. "रेखाची हौस," काका पुटपुटले. "मुलाला सगळं यायला पाहिजे म्हणायची."

प्रतिमा ओट्याशी भाजी चिरत होती. ताईंनी पेटीचं विचारताच ती चिडली. "मी त्या खणाला हातही लावत नाही! गन म्हटलं की मला धडकी भरते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण ताई, काकांकडे लक्ष द्या हं. दसऱ्याला ते चार दिवस चार्लटला मित्राकडे गेले होते. परतल्यावर मी आले, तर तिखटाचा डबा देव्हाऱ्यापुढे! विसरायला लागलेत हो. मी गुपचूप जागेवर ठेवला."

समोर राहणारा डेल हा वॉल्टरचा भाचा. कचऱ्याचे डबे आत ठेवायला काकांनी त्यालाही गराजचा कोड दिला होता. "मला ती गन हवी होती, अजूनही हवीय," तो सरळ म्हणाला. "डॉकनंतर ती मलाच मिळणार आहे, तसं मामानं लिहून ठेवलंय. बाय द वे, ऑक्टोबरात डॉक नसताना जॉर्जियाची नंबर प्लेट असलेली गाडी दारात होती. एक माणूस पायरीवर बसला होता. तास, दीड तास. नुसता बसून."

"अटलांटा जॉर्जियातच आहे. नीलच," काका म्हणाले, आणि खिशातून फोन काढला. "संध्याकाळपर्यंत तरी कशाला थांबायचं?"

"पाच मिनिटं, काका." ताईंनी त्यांना झिजलेल्या उशीवर बसवलं आणि बशीवरचं झाकण काढलं.

पाणी लाल झालं होतं. खडा विरघळून पंधरावीस दाणे सुटे झाले होते.

"तांदूळ?" शंतनू म्हणाला.

"अक्षता. हे ओलसर दाणे नळीत गेले, तिथेच वाळून चिकटले. आता लाल डाग कुठे कुठे होते बघा. मोव्हर, स्टेथोस्कोप, रिव्हॉल्व्हर. त्या फोटोत पूजेला मांडलेल्या वस्तू, आणि वर या घरातलं एकमेव शस्त्र. खंडेनवमी झाली इथे, काका. रिव्हॉल्व्हर तोंड वर करून देव्हाऱ्यापुढे उभं केलं आणि वरून अक्षता टाकल्या. मारायला आलेला माणूस मोव्हरला टिळा लावत नाही."

"मग प्रतिमानं केली असेल."

"लाल रंग हुंगून मी शिंकले. तो चोळून या शहाण्याचे डोळे गळले. कुंकू नव्हतं ते, तिखट होतं. प्रतिमा रोज त्याच डब्यातून फोडणीत तिखट घालते, ती फसेल? डेलला अक्षता ठाऊक नाहीत, आणि आपल्यालाच मिळणारी गन तो कशाला बिघडवेल? काका, रेखाकाकूंचा करंडा कुठाय?"

"तिच्याबरोबर दिला," काका हळूच म्हणाले. "शेवटी."

"म्हणजे घरात कुंकूच नव्हतं. ज्याला आईची पूजा आठवते, पण दोन लाल पुडींतला फरक कळत नाही, असा माणूस एकच. सहा तास गाडी चालवून आला. तुम्ही घरी नाही. आईनं शिकवलं होतं तसं सगळं केलं, पायरीवर वाट पाहिली, आणि गेला."

"अटलांटाहून," काका म्हणाले. "म्हणजे चार्लटवरूनच आला असणार. मी तिथेच होतो."

मग काकांनी फोनवर दुसराच नंबर लावला. चार रिंग झाल्या.

"बाबा? आर यू ओके?"

"नवमीला आला होतास?"

"तुम्ही घरी नव्हता. आय जस्ट... आईसारखं केलं. बरोबर केलं ना?"

"नील, ते कुंकू नव्हतं रे. तिखट होतं."

मग फोनमधून असं हसू फुटलं की शंतनूलाही लांबून ऐकू आलं. काकाही हसत होते, डोळे पुसत होते, आणि त्यांनी तर मोव्हरला हातही लावला नव्हता.

"वॉल्टरची गोळी राहिलीय," शेवटी ते म्हणाले. "गनस्मिथकडून नळी पुन्हा साफ करून, तपासून घ्यावी लागेल. दोन आठवडे तरी जातील. तोवर... येशील?"

उत्तर शंतनूला ऐकू आलं नाही. काका उठले, खुंटीवरचा दुसरा मफ त्यांनी काढला आणि शर्टाच्या टोकानं त्यावरची धूळ पुसू लागले.