उरलेलं कुलूप

खोटं वाटलं तर वाटू द्या. ही माझ्या सख्ख्या मावसबहिणीवर गुदरलेली गोष्ट आहे, आणि ताई भुताखेतांना हसणारी.

इंजिनीअरिंगच्या सुट्टीत ती रंगाच्या कारखान्यात काम शिकायला जायची. रविवारची भर दुपार. कारखाना बंद. रंग घुसळायचा मोठ्या पात्याचा मिक्सर आत उतरून खरवडायचा होता. ती आणि फिटरकाका, दोघंच.

काकांचा नियम एकच. आत उतरणाऱ्याने मेन स्विचच्या दांड्याला स्वतःचं कुलूप लावायचं, म्हणजे तो ओढला जात नाही; किल्ली खिशात. कुलूप दिसतंय म्हणजे माणूस आत आहे.

काकांनी लावलं. हिला वाटलं, एक आहे की, कशाला दोन? आणि बाईसाहेब तशाच उतरल्या.

काम उरकलं. काका "चल" म्हणून वर चढले. ही "आलेच" म्हणाली आणि राहिलेला कोपरा खरवडायला पुन्हा वाकली. काका हत्यारं ठेवून मिक्सर चालवून बघायला स्विचकडे आले; त्यांना वाटलं, पोरगी एव्हाना वर येऊन हात धुवायला गेली.

बाहेर काकांचं कुलूप निघाल्याचा आवाज आला...

तिला ओरडायला आवाज फुटेना.

स्विचचा दांडा खडखडला...

पातं तिच्या मानेशी होतं.

पुन्हा खडखडला...

पातं हललं नाही.

खरवडणी तिथेच टाकून ती धडपडत वर आली. तिला बघताच काकांच्या हातून दांडा सुटला. "तू आत होतीस?"

दांड्याला एक कुलूप लटकत होतं. लाल, रंगाचे शिंतोडे उडालेलं. ताईचं कोरं कुलूप तर तिच्या पिशवीत होतं.

काकांनी त्या कुलपाकडे बोट दाखवलं. "हे त्या पोराचं. गेल्या वर्षी शिकायला आला होता, तुझ्यासारखाच. याच मिक्सरमध्ये गेला. त्या दिवशी त्यानेही लावलं नव्हतं... नंतर मीच हे त्याच्या आईच्या हातात दिलं."

"काका, पण कुलूप आहे म्हणजे..."

तिने मिक्सरकडे बघितलं.

काका पुढे झाले. मिक्सरच्या तोंडाशी वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "झालं रे बाळा काम. ये बाहेर."

आत कोणी नव्हतं.

आणि खाली, अंधारात... खरवडल्याचा आवाज सुरू झाला.

सोमवारी मालकाने ते कुलूप कापायला लावलं आणि मिक्सर चालू केला. काका त्या दिवशी कामावर गेले नाहीत. ताई पुन्हा तिकडे फिरकली नाही.

आज ती मोठी इंजिनीअर आहे. तरी मधूनच, जेवता जेवता तिचा हात थांबतो.

"कापायच्या आधी आत कोणी वाकून बघितलं असेल का रे?"

मी मान खाली घालून जेवत राहतो.