खालून येणारा होकार

सांगते, पण हसायचं नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आजही नाही म्हणते, फक्त मोठ्याने म्हणत नाही.

महाप्याच्या डोंगरात आमच्या कारखान्याचं एक लहानसं धरण आहे, त्याची देखरेख माझ्याकडे. पावसाळ्यात त्यातलं पाणी थोडं थोडं सोडावं लागतं, नाहीतर मातीचा बांध फुटून खालची वस्ती वाहून जायची. सोडण्याआधीची रीत ठरलेली. बांधावरून हाक द्यायची, "पाणी सोडतोय!" खालच्या नाल्यात कुणी कपडे धूत असेल, खेकडे धरत असेल, ते वर येतं. मग खालून एका बाईचा आवाज येतो, "सोडा!" तो आल्याशिवाय दरवाजाचं चाक फिरवायचं नाही.

त्या दुपारी भर पावसात अंधारून आलं होतं. पाणी बांधाच्या काठाला टेकलेलं, सगळीकडे कुजक्या पाल्याचा वास. ऑपरेटर निकेश चाकाला हात लावून उभा होता. मी हाक दिली.

खालून आवाज आला, "थांब गो… हाय कोनतरी…"

"मॅडम, बांध जाईल," निकेश कुजबुजला. "सोडू?"

"हात लावू नकोस. मी बघून येते."

घसरत, धडपडत खाली उतरले, तर नाल्यात वस्तीतल्या जमुनाकाकू! खेकड्यांच्या नादात पाय दगडांत अडकलेला, पाणी कमरेला लागलेलं. वस्तीतली माणसं बोलावली, दगड हलवला, काकूंना वर ओढलं आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "निकेश, सोड!"

पाणी गर्जत निघून गेलं. बांध राहिला, वस्ती राहिली, काकू राहिल्या. माझा जीव भांड्यात पडला. मी चक्क रडले.

"बरं झालं काकू, तुम्ही थांब म्हणालात."

"मी कवा?" त्यांचा घसा पार बसला होता. "माजा आवाजच निगत नव्हता. तुमच्या कंपनीची बाई वरडली ना."

"आमची? ती तुमच्या वस्तीतली ना?"

"नाय गो. आमाला वाटतंय, तुमीच ठेवलीय."

संध्याकाळी बांधावर मी आणि निकेश बसून चहा पीत होतो. पाणी उतरलं होतं. तेवढ्यात तोच आवाज आला. या वेळी खालून नाही, आमच्या पाठीमागून, धरणाच्या पाण्यातून.

"आले का गो सगले वर?"

निकेश कप तिथेच टाकून उठला. मला मात्र त्या बाईबद्दल मायाच वाटली. मी म्हणाले, "आले. सगळे आले."

मग अगदी हळू…

"मंग… आता मी येऊ?"