तिरक्या टेबलावरचं इंजिन

पटलं तर विश्वास ठेवा, नाही पटलं तर सोडून द्या. पण यातला शब्द न् शब्द मी मामाच्या तोंडून ऐकलाय. सांगताना त्याने एकदाही वर पाहिलं नाही.

ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे. कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली होती आणि चाचणीच्या खोलीत मामा एकटा होता.

मामा स्पोर्ट्स कारची इंजिनं तपासायचा. नवीन इंजिन लोखंडी टेबलावर घट्ट बसवायचं, जाड काचेच्या अलीकडे बसायचं आणि लिव्हर पुढे ढकलून ते तासन्‌तास पळवायचं. आठ सिलिंडर, सहाशे हॉर्सपॉवर, मिनिटाला नऊ हजार फेरे. ते टिकलं की मामा 'पास' म्हणायचा. मग ते गाडीत बसायचं आणि ती गाडी ट्रॅकवर पळवून बघायचे माझे बाबा. म्हणजे मामाचे भावोजी.

"तुझ्या भावाच्या भरवशावर जीव टांगून येतो रोज," बाबा आईला चिडवायचे. "वेगळा विमा कशाला हवा?"

मामा हसायचा. त्याला ते आवडायचं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. टेबलावरचं इंजिन वळण घेत नाही. गाडी घेते. लांब वळणावर वेग असला की इंजिनातलं तेल एका बाजूला पळतं आणि पंपाच्या तोंडी नुसती हवा येते. तेल नाही म्हणजे इंजिन जाम. म्हणून शेवटची चाचणी टेबल तिरकं करून घ्यायची असते.

या नव्या इंजिनाच्या वेळी टेबल तिरकं करणारा जॅक दुरुस्तीला गेला होता. साहेब घाईला आलेले. मामाने टेबल सपाट ठेवूनच इंजिन पळवलं आणि तिरक्या चाचणीतही पास म्हणून सांगून टाकलं. एवढं काय होतंय, असं त्याने स्वतःला समजावलं.

काही दिवसांनी ट्रॅकच्या लांब वळणावर इंजिन जाम झालं. मागची चाकं जागीच अडकली.

बाबा गेले.

इंजिनाचा पार भुगा झाला होता, त्यातून काही कळेना. कारखान्याने खापर बाबांवर फोडलं. गिअर चुकला, म्हणे. चालवणाऱ्याची चूक.

आणि मामा मूग गिळून बसला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आईने त्याला एकदा विचारलं होतं, "त्यांचा गिअर कधी चुकलाय का रे?"

"नाही गं ताई."

"मग?"

मामा हातातल्या कपाकडे बघत राहिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं, असं तो म्हणतो. पण तोंड उघडलं नाही ते नाहीच.

मग जॅक दुरुस्त होऊन आला. मामाने एक पळवाट काढली. तसलंच दुसरं इंजिन तिरकं करून पळवायचं. ते फुटलं की म्हणायचं, बघा, मागे टिकलं होतं, आज फुटलं, या इंजिनाचा भरवसाच नाही. भावोजींवरचा डाग जाईल. आपली मूठही झाकलेली राहील.

त्या दुपारी त्याने टेबल तिरकं केलं. इंजिन सुरू केलं. लिव्हर पूर्ण पुढे ढकलली.

आठ हजार. साडेआठ. नऊ.

ऑइल प्रेशरचा काटा पडायला लागला. आता फुटणार. मामा डोळे बारीक करून बसला.

आणि...

आवाज उतरला.

हळूच. कुणी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलावा तसा. काटा सावरला, आणि मग आवाज पुन्हा चढला.

मामाने हाताकडे पाहिलं. लिव्हर पूर्ण पुढेच होती.

पुन्हा काटा पडला. या वेळी... लिव्हर त्याच्या तळव्याखाली मागे सरकली. त्यात जोर नव्हता. लहान मुलाचा हात गरम भांड्यापासून बाजूला करावा, तशी सरकली.

मामाची पाचावर धारण बसली. तरी त्याने लिव्हर तारेने आवळून बांधली.

काटा पडला. लिव्हर हलली नाही. पण काचेपलीकडे... लिव्हरपासून इंजिनाकडे जाणारी केबल ढिली पडली.

आत कुणीच नव्हतं.

तेव्हा मामाला तो पाय ओळखू आला. उचलायचा, क्षणभर थांबायचं, मग अलगद दाबायचा. त्या पायाशेजारच्या सीटवर मामा कित्येकदा बसला होता.

"भावोजी, फुटू द्या ना!" तो काचेवर हात आपटत ओरडला. "तुमच्यासाठीच करतोय!"

आवाज पुन्हा उतरला...

मामाने इंजिन बंद केलं. सगळं शांत झालं. त्या शांततेत केबल एकदा ताणली गेली आणि परत सैल पडली.

तो तसाच, तेलकट कपड्यांत आमच्या घरी आला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

"ताई, गिअर चुकला नव्हता. मी चुकलो. टेबल सपाट होतं."



"त्यांना माहीत होतं," आई म्हणाली.

मामाने झटकन वर पाहिलं.

"पहिल्याच दिवशी वळणावर काटा पडला, तेव्हाच त्यांनी ओळखलं, तिरकी चाचणी झालेलीच नाही. मी म्हटलं, साहेबांना सांगा. तर म्हणाले, पोरगा तोंडघशी पडेल. मी वळणावर पाय उचलत जाईन. जॅक आला की तो आपणहून सांगेल. त्या दिवशी बाहेरची माणसं वेग बघायला आली होती. वळणावर पाय उचलायचा नाही, असं साहेबांनी बजावलं होतं. म्हणून मी तुला विचारलं रे, गिअर चुकतो का. तू बोलशील म्हणून वाट बघत होते."

मामा खाली बसला. रडलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. साहेबांना पटेना. त्यांनी स्वतः लिव्हर हातात घेतली आणि तिरक्या टेबलावर तेच इंजिन पळवलं.

पहिल्याच वेळी ते फुटलं. कुणीही पाय उचलला नाही.

बाबांवरचा डाग गेला. त्या गाड्या थांबल्या. मामाची नोकरी गेली. ती केबल नंतर मेकॅनिकने तपासली. नव्यासारखी घट्ट होती.

"शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या," मामा म्हणतो. "सांभाळून घेतलं, ते सोसत नाही."

अजूनही तो आला की उंबऱ्याबाहेर उभा राहतो. आई म्हणते, आत ये.

मी म्हणत नाही. माझ्या तोंडून ते निघतच नाही. आणि दर वेळी, मी अशी गप्प उभी असताना... माझ्या पाठीमागे कुणीतरी थांबलंय असं वाटतं. रागावून नाही. नुसतं वाट बघत.

मागे वळून बघायची मला लाज वाटते.