जुन्या मापाचा शर्ट

तुटलेलं बटण हातात घेऊन तो दुकानात शिरला. शिलाई मशीनवरून मान वर करून तिने पाहिलं, तर काडी! म्हणजे कॉलेजातला तिचा जिवलग मित्र. अंगावर मांस नव्हतं म्हणून हे नाव तिनेच ठेवलेलं. सात वर्षांत ना त्याचा फोन, ना हिचा. भेटलाच तर सुनावायच्या म्हणून तिने चार शिव्या राखून ठेवल्या होत्या, पण ऐन वेळी एकही आठवेना.

बटण लावता लावता कळलं, की त्याला दोन नोकऱ्या चालून आल्या होत्या. एक इथेच, चार गल्ल्या सोडून. दुसरी पार लांब, गाडीने दोन दिवसांवर. तिथल्या साहेबांना भेटायला शुक्रवारी निघायचं होतं, आणि त्यासाठी एक चांगला शर्ट हवा होता. तिने टेप उचललीच नाही. तुझं माप मला पाठ आहे, म्हणाली. शिवण शिकताना तिने पहिला शर्ट शिवला होता तो त्याचाच.

काज करत बसलेल्या मावशींनी चष्म्यावरून पाहिलं. माप न घेता कापडाला कात्री लावायची नाही, हे या दुकानात त्यांनीच तिला शिकवलं होतं. त्या नुसत्या हसल्या.

मग तीन दिवस तो रोज चक्कर मारू लागला. पूर्वी एकदा बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. आता मात्र काहीतरी विचारायचा आणि उत्तर संपेपर्यंत ऐकायचा. ही सवय कुणी लावली, हे विचारायचा तिला धीर झाला नाही. तो तिला तेव्हाही आवडायचा, पण मैत्री मोडेल या भीतीने तिने तोंड उघडलं नव्हतं. आता शुक्रवार उंबरठ्यावर आला होता, आणि तोंड अजून बंदच होतं.

गुरुवारी त्याने शर्ट घालून पाहिला. छातीवर मिटेना, पुढून वर चढलेला. पूर्वी खांदे पाडून चालणारा हा माणूस आता ताठ उभा राहत होता. दोघंही आरशात बघत राहिले.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मी सात वर्षांपूर्वीच्या काडीचा शर्ट शिवला."

"पूर्वी तू कापडाला दोष दिला असतास."

"दिला असता." बटणं सोडवताना तिने मान खालीच ठेवली. "तो काडी मला फार आवडायचा. कधी सांगितलं नाही. आणि हा जो आता आलाय ना... त्याला मी तीनच दिवस ओळखते. पण तो जाऊ नये असं वाटतंय."

मावशींना एकाएकी दोरा आणायची आठवण झाली. त्या बाहेर पडल्या. तो नुसता कॉलर चाचपत राहिला. झालं, मैत्रीही घालवली आपण, असं तिला वाटलं.

"हा शर्ट घालून तर उद्या जाता येणार नाही," शेवटी तो म्हणाला.

"बाजारात तयार शर्ट ढिगाने मिळतात," तिने प्रामाणिकपणे सांगितलं.

"मिळतात." त्याने टेबलावरची टेप उचलून तिच्या हातात दिली, दोन्ही हात पसरून उभा राहिला. "सावकाश घे माप. मला कुठे जायचं नाहीये."

तिने वहीचं नवं पान उघडलं. छातीचं माप तिला तीनदा घ्यावं लागलं, आणि आकडा दर वेळी तोच येत होता.