त्रिशलाची छाया

२०५८ सालच्या जून महिन्यात मिरजेच्या मज्जावेष्टन संशोधन केंद्रात छाया उघडायला सुरुवात झाली. दर सोमवारी तीन रुग्णांना बोलावलं जाई. ते घरच्यांना घेऊन येत, डॉ. निरुपमा आठल्ये यांच्या खोलीत पडद्यासमोर बसत आणि औषध घेतलं नसतं तर आज आपण कसे असतो, ते बघत.

बघताना चेहरे उतरत, पण उठताना बहुतेकांना हायसं वाटलेलं असे. साताऱ्याहून आलेल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांची छाया दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. ते स्वतः मात्र जिना चढून वर आले होते. त्यांनी आधी पडद्याला हात जोडले, मग निरुपमाला. "हिला आता बंद करा," ते म्हणाले. "सुटू दे बिचारी."

छाया म्हणजे खरं तर गणित होतं. मल्टिपल स्क्लेरॉसिस या रोगात शरीराचे पहारेकरीच घर फोडतात. विजेच्या तारेवर असतं तसं मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचं वेष्टन असतं. जंतूंशी लढायला ठेवलेल्या पेशी चुकून तेच कुरतडू लागतात. तार उघडी पडली की संदेश अडखळतात. कुणाची नजर अंधूक होते, कुणाचे पाय जड होतात, कुणाचा थकवा झोपून उठल्यावरही उतरत नाही. आणि हा रोग दोन माणसांत सारखा वागत नाही. एकाला दहा वर्षांत चाकाच्या खुर्चीत बसवतो, दुसऱ्याला म्हातारपणापर्यंत नुसत्या मुंग्या आणून सोडून देतो. त्यामुळे औषध लागू पडलं की रोगच शांत बसला, हे कळायला मार्ग नसे. पूर्वी त्यासाठी काही रुग्णांना औषध म्हणून मिठाचं पाणी टोचत आणि दोन्ही गट ताडून बघत. पाणी मिळालेल्यांची वेष्टनं तोवर झडतच राहत.

छायेनं तो अन्याय संपवला. रुग्णाच्या मेंदूचं चित्रण, रक्त, जनुकं, गावातलं ऊन, त्या वर्षी फिरलेल्या साथी, सगळं संगणकात भरलं की त्याच माणसाचं औषध न घेतलेलं रूप तयार होई आणि खऱ्या दिवसांबरोबर एकेक दिवस पुढे सरके. छाया उद्याचं सांगत नसे, आजपर्यंतचंच सांगे. औषध नाकारलेल्या रुग्णांवर ती पडताळून पाहिलेली होती. शंभरात सत्त्याण्णव वेळा ती बरोबर निघाली होती. संशोधकांची मनं कलू नयेत म्हणून ती तीन वर्षं मोहोरबंद ठेवत. मग ती बघण्याचा हक्क रुग्णाचा.

निरुपमाचे चाळीस रुग्ण होते. चाळिसावी होती त्रिशला मगदूम.

तीन वर्षांपूर्वी ती आली तेव्हा चौतीस वर्षांची होती. मणेराजुरीची. द्राक्षाची कलमं भरण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. खुंटाला चीर द्यायची, काडी पाचरीसारखी तासून आत बसवायची, वरून पट्टी गुंडाळायची. दिवसाला चारशे कलमं ती भरत असे, आणि यंत्रांनी भरलेल्यांपेक्षा तिची जास्त जगत. डाव्या हाताची दोन बोटं बधिर झाली म्हणून नवरा भरतेश तिला घेऊन आला होता.

निरुपमानं तिला पुनर्वेष्टन समजावून सांगितलं. रुग्णाच्याच पेशी घेऊन त्यांना नवं मायलिन गुंडाळायला शिकवायचं आणि त्या पाठीच्या कण्यात सोडायच्या.

"म्हणजे आमची पट्टीच की," त्रिशला म्हणाली. "पण मॅडम, मला एवढं काय होत न्हाई. दोन बोटं बधिर हायत, बाकीची चालतात. थांबून बघितलं तर?"

"या रोगाचा भरवसा नाही. तुम्ही थांबाल, तो थांबेल असं नाही. रोग नवा असताना औषध घेतलं तर जास्त गुण येतो."

यातला प्रत्येक शब्द खरा होता. पण निरुपमानं एक गोष्ट सांगितली नाही. छाया मोहोरबंद करण्याआधी, पहिल्याच दिवशी, संगणक एक ढोबळ अंदाज काढत असे. हाच रोग शंभर वेगवेगळ्या वाटांनी गेला तर त्यातल्या किती वाटा सौम्य, एवढाच तो आकडा. नियमाप्रमाणे तो रुग्णाला सांगायचा असे. त्रिशलाच्या शंभरातल्या त्र्याऐंशी वाटा सौम्य होत्या.

आणि निरुपमाला चाळिसावा रुग्ण हवा होता. महिनाअखेरीपर्यंत चाळीस भरले नाहीत तर प्रयोगाची परवानगी वर्षभर पुढे जाणार होती. उरलेल्या एकोणचाळिसांत असे काही होते की वर्षभरात त्यांच्याजवळ वाचवण्यासारखं काही उरलं नसतं. तिनं तो कागद फाइलच्या तळाशी घातला. त्रिशलानं भरतेशकडे पाहिलं, भरतेशनं डॉक्टरांकडे, आणि सही झाली.

पुनर्वेष्टन यशस्वी ठरलं. चौतीस रुग्ण सुधारले. पाच जण होते तिथेच राहिले. त्रिशलाच्या मानेत सोडलेल्या पेशी मात्र थांबायचं विसरल्या. एकावर एक थर चढत गेले, तंतू सुजले, आणि मणक्याच्या अरुंद पोकळीत चिरडले गेले. दीड वर्षात तिचे पाय गेले. हातांची बोटं तळव्याकडे वळली ती उलगडेनात. एकदा तपासणीच्या वेळी ती म्हणाली होती, "पट्टी जास्त आवळली म्हणायची. होतं तसं कधी कधी. मग डोळा गुदमरतो." डोळा म्हणजे कलमाचा कोंब, हे निरुपमाला नंतर कळलं.

ऑगस्टमध्ये त्रिशलाची पाळी आली. डॉ. इक्बाल मुजावर छायांचं गणित बघत. नियमाप्रमाणे त्यांनी छाया आदल्या दिवशी उघडली आणि निरुपमाला बोलावलं.

पडद्यावर फार काही नव्हतंच. डाव्या हाताची दोन बोटं बधिर. गेल्या वर्षी आठवडाभर चक्कर, आपोआप थांबलेली. चाल सामान्य. पकड सामान्य.

इक्बाल म्हणाले, "न बघण्याचाही हक्क आहे त्यांना. आपण सुचवलं तर त्या बघणार नाहीत. अशा वेळी सगळेच सुचवतात, निरुपमा."

"पहिल्या दिवसाचा आकडा तुम्ही पाहिला होता?"

"तेव्हा मी इथं नव्हतो. का?"

"काही नाही," ती म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी त्रिशलाला मिरजेला न बोलावता स्वतःच मणेराजुरीला गेली.

मगदुमांच्या मळ्यात कलमांचं काम चालू होतं. सहा-सात बायका सरींमधून वाकून खुंट चिरत होत्या. त्रिशला बांधावर, लिंबाच्या सावलीत चाकाच्या खुर्चीत होती आणि तिथूनच कुणाची पाचर तिरकी बसली ते सांगत होती. निरुपमाला पाहून तिनं भरतेशला चहा सांगायला लावला.

"मॅडम, तुम्ही आलात म्हणजे बातमी चांगली न्हाई," ती म्हणाली. "चांगली असती तर फोनवर सांगितली असती."

"तुमची छाया उघडली. तुम्हाला बघायची नसेल तर—"

"कशी हाय ती?"

निरुपमानं वाटेत तीन-चार वाक्यं जुळवून ठेवली होती. ती तिला आठवली नाहीत. "बरी आहे," ती म्हणाली.

"बरी म्हणजे?"

"तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा होतात तशी."

त्रिशला सरींकडे बघत राहिली. "चालती?"

"हो."

"म्हणजे कलमं भरत असणार."

"हो. भरत असणार."

भरतेश चहाचे पेले हातात घेऊन उभा होता. तो पेले खाली ठेवायचं विसरला. "डॉक्टर," तो म्हणाला, "तुम्हाला हे आधी ठाऊक होतं का?"

नाही म्हणता आलं असतं. छाया मोहोरबंद होती, कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तेही खरंच ठरलं असतं. निरुपमानं त्र्याऐंशीचा आकडा सांगितला. कागद कुठं ठेवला ते सांगितलं. महिनाअखेर, परवानगी, एकोणचाळीस माणसं, सगळं सांगितलं. आणि सांगताना आपण कबुली देतोय की बचाव करतोय, हे तिचं तिलाच कळेना.

भरतेश बांधावरून खाली उतरला आणि पाठ फिरवून विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपाशी जाऊन उभा राहिला.

"त्या एकोणचाळिसात किती बरी झाली?" त्रिशलानं विचारलं.

"चौतीस."

"मग मी काय म्हणायचं? तुम्हीच सांगा. बरं केलंत म्हणू, का वाईट?"

"वाईट म्हणा."

"म्हणीन. अजून राग आला न्हाई, उशिरा येईल. आला की फोन करीन, तेवढा उचला." मग ती म्हणाली, "आणि तिला बंद करू नका. बाकीच्यांनी केल्या असतील. हिला चालू द्या. दर महिन्याला मला सांगत जा."

निरुपमानं केंद्राच्या समितीला सगळं लिहून दिलं. चौकशी झाली, प्रयोगाचं तिचं प्रमुखपद गेलं, समितीनं तिच्यावर ठपका ठेवला आणि त्याच पत्रात पुनर्वेष्टनाला मान्यता मिळाल्याबद्दल केंद्राचं अभिनंदन केलं. एकोणचाळीस छाया बंद झाल्या. एक चालू राहिली, आणि तिची नोंद ठेवण्याचं काम निरुपमानं मागून घेतलं.

दर महिन्याला ती त्रिशलाला फोन करी. मळ्यात ऊन किती होतं, घरात कुणाला ताप आला, हे त्रिशला सांगे. गणिताला ते लागत असे. हळूहळू ती न लागणाऱ्या गोष्टीही सांगू लागली. "यंदा तिनं नव्या वाणाची कलमं धरली असतील. मी धरली असती." राग आल्याचा फोनही एकदा आला. त्रिशला वीस मिनिटं बोलली आणि निरुपमानं ऐकून घेतलं. पण ते सोपं होतं. कठीण जाई ती दर महिन्याची तीच ओळ वाचणं: चाल सामान्य, पकड सामान्य. प्रत्येक वेळी तिला वाटे, आपण त्या बाईचे हात आज पुन्हा एकदा काढून घेतले.

दुसऱ्या वर्षीच्या मार्च महिन्यात ओळ बदलली. छायेच्या उजव्या डोळ्याची नजर गेली होती. बारा दिवसांपूर्वी पाय बधिर व्हायला लागले होते. कण्यात तीन ठिकाणी वेष्टन झडलं होतं. शंभरातल्या सतरा वाटांपैकी एकीवर ती वळली होती.

निरुपमानं आकडे दोनदा तपासले. मग खुर्चीत मागे टेकून बसली. छातीवरचा दगड कुणी उचलून बाजूला ठेवावा, तसं तिला मोकळं वाटलं. म्हणजे हे होणारच होतं. थोडं उशिरा, पण होणारच होतं. तिनं लगेच फोन लावला. आपण उत्साहानं बोलतोय हे तिच्या लक्षात आलं, तरी तिला थांबता आलं नाही.



"एकाच डोळ्याची गेली?" त्रिशलानं विचारलं.

"हो. पण पायही—"

"बारा दिवस म्हणजे अजून वेळ गेली न्हाई. आता तुमचं औषध सुधारलंय म्हणता ना? आवळत न्हाई म्हणता. मग ते द्या तिला."

"त्रिशला, ती खरी नाही. ते गणित आहे."

"मला ठाऊक हाय ती काय हाय. गणितातच द्या की."

"दिलं तर ती छाया राहत नाही. औषध न घेतलेली, हाच तिचा अर्थ आहे."

"मग तुम्ही काय करणार?"

"नोंद ठेवणार."

"म्हणजे बघत बसणार," त्रिशला म्हणाली. आवाजात राग नव्हता. एखाद्याच्या घरी आजारी माणूस असताना बोलतात, तसा तो खाली आला होता. "मॅडम, मला वाटलं होतं, ती तरी सुटली."

तिनं फोन ठेवला.

पुढच्या महिन्याचे आकडे आले. पायांतलं बळ आणखी उतरलं होतं, उजव्या हाताची पकड जात चालली होती. निरुपमानं ते सावकाश वाचले. मग कुणी विचारलं नसतानाही, आपल्याला पुन्हा बरं वाटलं का, हे तिनं मनाशी प्रामाणिकपणे तपासून पाहिलं.

वाटलं होतं.