चार्ज घेतला

पंचकुल्यात राजाभाऊंकडे लाइट गेली की गोष्ट ठरलेली. आणि ही तर त्यांच्याच कंपनीतल्या अंशुमनची, म्हणजे एकदम खरी! पुतण्या ऋग्वेदने "काका, पक्का ना?" म्हणून विचारलंच. राजाभाऊ म्हणाले, "पक्का. आता गप ऐक."

गेल्या वर्षीची तेवीस डिसेंबरची रात्र. अंशुमन नाशिकहून चंदीगडला आलेला, सेक्टर ३० मधल्या एका लॅबचं मशीन दुरुस्त करायला. दोन दिवसांचं काम, आठवडा उलटला. आणि दुसऱ्या दिवशी घरी लेकीचं बारसं! सकाळचं विमान, बॅग भरून तयार, तेवढ्यात बॉसचा फोन.

"बदलीचा माणूस धुक्यात अडकलाय. तो येऊन 'चार्ज घेतला' म्हणेपर्यंत साइट सोडायची नाही. माहितीये ना?"

"सर, मुलीचं बारसं आहे माझ्या!"

"अरे, मग व्हिडिओ कॉल कर ना."

व्हिडिओ कॉल! अंशुमनचं डोकंच फिरलं. रागाने बुटाची नाडी खेचली, तीही तुटली. गेस्ट हाऊसच्या सुरिंदरने हिरवी सुतळी आणून दिली, "अभी इसीसे काम चला लो जी." गिझर बंद, पोळ्या गार, आणि खोलीत दोन पलंग. कंपनी एकट्याला खोली देते होय कधी! त्याने सुतळी ओवली, बूट पलंगाखाली ढकलले, आतून कडी लावली आणि आडवा झाला.

अडीचला जाग आली.

शेजारच्या पलंगावर कुणीतरी रजई डोक्यावरून घेऊन पडलेलं. आला असेल कंपनीचाच कोणी उशिरा, झोपेत त्याला वाटलं. कडी आठवलीच नाही.

"झोप येत नाही ना?" रजईतून आवाज. चक्क मराठी!

"कशी येणार? उद्या बारसं, आणि मी इथे."

"मलाही घरी जायचंय रे. चार्ज घ्यायलाच कुणी येत नाही."

"कधीपासून आहेस इथे?"

...

रजई हलत नव्हती. श्वासानेसुद्धा.

"तू घेतोस?"

अंशुमन आधीच पेटलेला. "घेतला बाबा चार्ज! जा घरी. एक जण तरी जाऊ दे!"

"जाऊ... घरी?"

"जा रे!"

मग काहीच नाही. दार वाजलं नाही. पावलं नाहीत. नुसता गारठा... हाडांत शिरणारा.

सकाळी कडी तशीच. शेजारच्या रजईची नीट घडी. चहा घेऊन आलेला सुरिंदर म्हणाला, "रात को? आप तो अकेले थे जी."

तेवढ्यात फोन. देवयानी, त्याची बायको. हसत होती.

"अरे, आलास तर बेल नाही का वाजवायची? गच्चीत लपलायस ना? दारात बूट दिसले मला!"

"देवयानी... मी चंदीगडलाच आहे."

"हो का! मग या डाव्या बुटाला हिरवी सुतळी कुणी बांधली?"

...

अंशुमन खाली वाकला. पलंगाखाली पाहिलं.

नुसते मोजे.