पलीकडची बाई

ही २००८ सालची गोष्ट. देवरी तालुक्यातल्या जंगलातल्या उपकेंद्रांवर एकेकट्या राहणाऱ्या नर्सबायांवर सुलोचनाबाई सुपरवायझर होत्या. भेटीगाठी क्वचित, बाकी सारं काम मोबाईलवर. पण त्यांची एक रीत होती. लसींचं आणि बाळंतपणांचं विचारण्याआधी त्या विचारायच्या, "जेवली का वो? घरचे कसे आहेत?" एवढ्यावर पोरी रानात टिकून राहायच्या. "आमची बाई फोनातून पाठीवर हात फिरवते," असं अल्का नर्स सगळ्यांना सांगत सुटायची.

फक्त रंजिताचा फोन लागत नव्हता. तिचं उपकेंद्र पार छत्तीसगडच्या हद्दीला. पावसाळा सुरू झाल्यापासून बाईंनी तिचा आवाज ऐकला नव्हता. पहिलीच नोकरी, एकटी पोर. चिडली असेल, सोडून जाईल, या धास्तीनं एका दुपारी बाई ड्रायव्हर छोटेलालची जीप घेऊन निघाल्या.

रंजिता हसतच सामोरी आली.

"या बाई! तुमी तं संध्याकाळी येनार होत्या."

"असं कोण म्हणालं?"

"तुमीच! काल फोनवर. रोज बोलता म्हनून तं टिकली मी, नाई तं कवाच पळाली असती."

बाईंनी आपला मोबाईल काढून पाहिला. रेंजची एकही रेघ नव्हती.

"आणखी काय म्हणाले मी?"

"नाल्याले पूर आहे, पन भिऊ नको म्हनल्या. सरळ पान्यात उतर, मी पलीकडून हात देते."

नाला घरामागेच होता. त्याची घरघर भिंतीतून ऐकू येत होती. खिडकीतून बाईंना दिसलं, लाल पाण्यात अख्खं झाड गरगरत चाललं होतं.

टेबलावरचा रंजिताचा फोन वाजला. तिनं तो उचलून आवाज मोठा केला.

"जेवली का वो?"

तो सुलोचनाबाईंचाच आवाज होता. मागोमाग खोकला आला. बाईंना तो कालपासूनच लागला होता.

रंजिता एकदा फोनकडे, एकदा बाईंकडे पाहू लागली.

"बाई, माझी माय कायनं गेली?"

सुलोचनाबाईंना ठाऊक नव्हतं.

"काविळीनं," फोन हळूच म्हणाला. "किती रडलीस सांगताना. ये आता, पोरी."

रंजितानं चपला घातल्या.

"ती मी नाही गं!"

"मंग तुमी कोन?"

बाईंनी तिचं मनगट धरलं. ती हिसडे देऊ लागली.

"छोटेलाल!"

दोघांनी तिला ओढत जीपमध्ये घातलं. फोन आतच राहिला.

जीप सुरू झाली, तेव्हा रिकाम्या घरात कुणीतरी खोकत होतं.

छोटेलालनं गाडी चालवणं सोडलं आणि नागरा गावात पानठेला टाकला. अल्का पुढे सुपरवायझर झाली. सुलोचनाबाईंनी निवृत्तीपर्यंत कुणाला फोन म्हणून केला नाही. पायपीट करायच्या, पण प्रत्येकीला समोर बसवून बोलायच्या. त्या उपकेंद्राला कुलूप लागलं.

रंजिता लग्न होऊन आमगावला गेली. बऱ्याच वर्षांनी गोंदियात एका लग्नात ती बाईंना भेटली. वाकून पाया पडली, लेकरू त्यांच्या मांडीवर दिलं. मग कानाशी येऊन म्हणाली,

"तुमच्यावर राग नाई माझा. पन पलीकडच्या बाईनं आता बोलावलं ना, तं कोनालेच सांगनार नाई."